बेनेडिक्टची नियमावली : प्रार्थनेची घडण

संत बेनेडिक्ट (सु. ४८०–सु. ५४७) यांनी इटलीतील माँटे कसीनो येथील मठासाठी लॅटिनमध्ये लिहिलेली नियमावली. पश्चिम युरोपातील ख्रिस्ती मठजीवन मुख्यतः तिच्यावर उभे राहिले. तिच्या ७३ प्रकरणांपैकी ८ ते २० ही सलग प्रकरणे प्रार्थनेविषयी आहेत.

रात्रीची एक आणि दिवसाच्या सात अशा प्रार्थनेच्या वेळा ठरलेल्या असत. त्यांच्यामधल्या काळात अंगमेहनत आणि धर्मग्रंथांचे वाचन चाले. बायबलमधील १५० स्तोत्रे दर आठवड्याला पुरी व्हावीत, अशी त्यांची वाटणी केलेली आहे. कोणत्या वेळी कोणते स्तोत्र म्हणायचे हे ठरलेले असल्याने निवड कोणाच्या मर्जीवर राहत नाही. आनंदात असलेल्याच्या वाट्याला विलापाचे स्तोत्र येते आणि खचलेल्याला स्तुतीचे शब्द उच्चारावे लागतात. आपल्या मनःस्थितीत बसत नसलेली प्रार्थनाही इतरांसाठी म्हणायची असते, हे मठवासी रोजच्या क्रमातून शिकतो. या रचनेचे सर्वांत मोठे मोल हेच.

ही शिस्त दुबळ्या माणसाचा विचार करून बांधलेली आहे. रात्रीच्या प्रार्थनेतले ९४ वे स्तोत्र (मराठी बायबलमध्ये ९५ वे) मुद्दाम संथपणे म्हणावे, म्हणजे उशिरा उठलेल्यालाही पोहोचता येईल, असे बेनेडिक्ट सांगतात. त्यानंतर येणाऱ्याने सर्वांच्या शेवटी किंवा वेगळ्या जागी उभे राहावे. पण त्याने आत यावेच, कारण बाहेर ठेवला तर तो पुन्हा झोपेल किंवा गप्पा मारत बसेल. पहाटेच्या व संध्याकाळच्या उपासनेत मठप्रमुख प्रभूची प्रार्थना सर्वांना ऐकू जाईल अशी म्हणतो. एकत्र राहताना मने दुखावतात. या प्रार्थनेतले क्षमेचे शब्द दिवसातून दोनदा कानी पडल्याने ती सल साचून राहत नाही.

स्तोत्रांची वाटणी कोणाला पटली नाही, तर त्याने अधिक चांगली करावी, अशी मोकळीक १८ व्या प्रकरणात आहे. मात्र आठवड्याची १५० स्तोत्रे सुटता कामा नयेत. सामुदायिक मौनप्रार्थना थोडक्यात आटोपावी, असेही २० वे प्रकरण बजावते.

पुढील काळात प्रार्थना आणि अंगमेहनत यांच्यातला तोल ढळला. ९१० मध्ये स्थापन झालेल्या क्लूनीच्या मठात उपासना इतकी लांबत गेली की शेतीकामाला फारसा वेळ उरेना. १०९८ मध्ये सीतो येथे गेलेल्या मठवाशांनी ती आटोपशीर करून अंगमेहनतीला पुन्हा स्थान दिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये ‘प्राइम’ ही सकाळची प्रार्थना सार्वत्रिक क्रमातून वगळली. आज काही बेनेडिक्टाइन मठ आठवड्याचा जुना क्रम पाळतात, तर काही ठिकाणी सगळी स्तोत्रे दोन आठवड्यांत पुरी होतात.