एका जुन्या रिव्हॉल्व्हरला ४४ कोटी रुपये का मिळाले? जाणून घ्या, कोल्टवरच्या खुणा कशा वाचतात

ऑगस्ट २०२१. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्ये बॉनहॅम्स या लिलावसंस्थेने एक जुनं रिव्हॉल्व्हर विक्रीला काढलं. बोली थांबली तेव्हा किंमत ६० लाख डॉलरच्या पुढे गेली होती. त्यावेळच्या दराने सुमारे ४४ कोटी रुपये!

हे रिव्हॉल्व्हर होतं शेरीफ पॅट गॅरेटचं. १४ जुलै १८८१ च्या रात्री न्यू मेक्सिकोमधल्या फोर्ट समनर इथे गॅरेटने याच शस्त्राने 'बिली द किड' या कुख्यात गुन्हेगाराला ठार केलं.

पण दिसायला ते त्या काळातल्या इतर हजारो रिव्हॉल्व्हरसारखंच होतं. मग हे 'तेच' आहे, हे कशावरून ठरलं? उत्तर दोन गोष्टींत आहे: धातूवर ठोकलेल्या खुणा आणि त्यांच्याशी जुळणारी कागदपत्रं.

मुळात हे मॉडेल कोणतं?

या मॉडेलचं नाव 'कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मी'. लोक त्याला 'पीसमेकर' म्हणूनही ओळखतात. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरातल्या कोल्ट कंपनीने १८७३ मध्ये अमेरिकी लष्करासाठी ते बनवायला घेतलं. 'सिंगल अ‍ॅक्शन' म्हणजे प्रत्येक गोळी झाडण्याआधी मागचा हॅमर अंगठ्याने ओढावा लागतो.

१९४० पर्यंत अशी साडेतीन लाखांहून जास्त रिव्हॉल्व्हर बनली. संग्राहक त्यांना 'पहिली पिढी' म्हणतात. १९५६ ते १९७४ ही दुसरी पिढी आणि १९७६ नंतरची तिसरी. सगळ्यात जास्त मागणी पहिल्या पिढीला असते आणि बनावटगिरीही तिथेच सगळ्यात जास्त होते.

पहिली पायरी: अनुक्रमांक

प्रत्येक रिव्हॉल्व्हरला कारखान्यात एक क्रमांक मिळायचा. तो फ्रेमच्या खालच्या बाजूला, ट्रिगर गार्डवर आणि मुठीच्या धातूच्या पट्टीवर ठोकलेला असतो. सुरुवातीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बॅरल आणि सिलिंडरवरही तो सापडतो.

या क्रमांकावरून उत्पादनाचं वर्ष कळतं. गॅरेटच्या रिव्हॉल्व्हरचा क्रमांक ५५०९३ आहे, म्हणजे ते १८८० च्या सुमाराचं. क्रमांकासोबत 'एस' आणि 'ए' ही अक्षरं दिसली, तर ते पहिल्या पिढीचं नाही, हे लगेच समजावं.

सगळ्या भागांवर एकच क्रमांक असेल तर किंमत वाढते. भाग बदललेले असतील तर ती झपाट्याने उतरते.

दुसरी पायरी: बॅरलची लांबी

- साडेसात इंच: घोडदळासाठीचं 'कॅव्हलरी' मॉडेल
- साडेपाच इंच: संग्राहकांच्या भाषेत 'आर्टिलरी' मॉडेल
- पावणेपाच इंच: नागरिकांमध्ये लोकप्रिय झालेलं आखूड मॉडेल

मात्र लांबीवर एकट्याने भरवसा ठेवता येत नाही, कारण बॅरल कापता येतं. शिवाय साडेपाच इंची रिव्हॉल्व्हर सामान्य ग्राहकांनाही विकली जात.

१८९४ मध्ये आलेलं 'बिस्ली' मॉडेल मात्र पटकन ओळखू येतं. त्याची मूठ जास्त वळलेली आणि हॅमर खाली झुकलेला असतो. इंग्लंडमधल्या बिस्ली इथल्या नेमबाजीच्या मैदानावरून त्याला हे नाव मिळालं.

तिसरी पायरी: काळ सांगणाऱ्या बारीक खुणा

*स्क्रू की खटका?* जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडरचा दांडा फ्रेमच्या पुढच्या टोकाला बसवलेल्या एका तिरप्या स्क्रूने अडकवलेला असतो. १८९० च्या दशकात त्याऐवजी आडवा, स्प्रिंगचा खटका आला. स्क्रूच्या फ्रेमला संग्राहक 'ब्लॅक पावडर फ्रेम' म्हणतात.

*उधळलेला घोडा.* कोल्टचं हे प्रसिद्ध चिन्ह फ्रेमच्या डाव्या बाजूला १८९० च्या आसपास दिसू लागलं. त्याआधीच्या फ्रेमवर फक्त पेटंटच्या तारखा असत. त्यामुळे १८७५ च्या क्रमांकाच्या फ्रेमवर घोडा दिसला, तर काहीतरी गडबड आहे.

*त्रिकोणातली 'व्ही' आणि 'पी' ही अक्षरं.* ही खूण ट्रिगर गार्डवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून येते. नव्या, धूरविरहित दारूची काडतुसं चालतील, अशी ती हमी.

*काडतुसाचा आकार.* '.४४-४०' आकाराच्या रिव्हॉल्व्हरच्या बॅरलवर 'कोल्ट फ्रंटियर सिक्स शूटर' असं नाव असतं.

लष्करी खुणांची किंमत वेगळीच

लष्कराने घेतलेल्या रिव्हॉल्व्हरच्या फ्रेमवर 'यू' आणि 'एस' ही अक्षरं असतात. त्यासोबत तपासनिसाची आद्याक्षरं. ऑर्व्हिल एन्सवर्थ, हेन्री नेटलटन, डेव्हिड क्लार्क अशा तपासनिसांचा काळ ठरलेला आहे. म्हणजे क्रमांक एका वर्षाचा आणि आद्याक्षरं दुसऱ्याच काळातल्या माणसाची, असं निघालं की बनाव उघडा पडतो.

गंमत अशी, की लष्करी आर्टिलरी मॉडेलमध्ये हा नियम उलटा होतो. १८९५ नंतर जुनी घोडदळाची रिव्हॉल्व्हर दुरुस्तीला गेली. बॅरल आखूड केली गेली आणि जुळणी करताना भागांची सरमिसळ झाली. त्यामुळे अशा बहुतेक रिव्हॉल्व्हरचे क्रमांक जुळत नाहीत. इथे न जुळणारे क्रमांक हा दोष नसून मूळ असल्याची खूण ठरते!

बनावट कशी पकडतात?

- अक्षरं पुसट पण पृष्ठभाग चकचकीत असेल, तर ते नंतर घासून पॉलिश केलेलं असतं.
- गंजाच्या खड्ड्यांच्या आतही निळसर मुलामा दिसला, तर तो नवा आहे. आधी मुलामा, मग गंज, हा खरा क्रम.
- 'यूएस' ही अक्षरं आजूबाजूच्या झिजेपेक्षा ताजी दिसली, तर ती नंतर ठोकलेली असू शकतात.
- शेवटी कोल्टच्या अभिलेखागाराचं पत्र. जुन्या नोंदींनुसार ते रिव्हॉल्व्हर कोणत्या आकाराचं होतं, बॅरल किती लांब होतं आणि कधी, कुणाकडे रवाना झालं, हे त्यात मिळतं.

मग गॅरेटच्या रिव्हॉल्व्हरचं काय?

खुणांवरून मॉडेल आणि वर्ष कळतं, मालक नाही. तिथे कागद कामाला येतात. हे रिव्हॉल्व्हर पुढे एल पासो शहरातल्या एका सलूनमालकाकडे होतं. त्याच्या मृत्यूनंतर गॅरेटच्या पत्नीने, अपोलिनारियाने, ते परत मिळवण्यासाठी कोर्टात दावा लावला आणि १९३० च्या दशकात तो जिंकला. नवऱ्याची वस्तू परत मिळवण्याच्या या लढ्यामुळेच त्या क्रमांकाचा माग कागदावर पक्का झाला.

भारतात हे लक्षात ठेवा

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा लागू आहे. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा पुरातन शस्त्रांना त्यात सूट आहे, पण वापरता येणाऱ्या रिव्हॉल्व्हरला परवाना लागतोच, मग ते आजोबांचं का असेना. आणि शस्त्रावरचा क्रमांक किंवा खूण खोडणं, बदलणं हा गुन्हा आहे. म्हणून घरात जुनं शस्त्र सापडलं, तर घासूनपुसून चकचकीत करायच्या फंदात पडू नका. पोलिसांना कळवा.

ज्या मळकट अक्षरांवर हात फिरवावासा वाटतो, त्या वस्तूची खरी ओळख बहुतेक वेळा तिथेच लिहिलेली असते.