सायकलच्या इंजिनाला विचारायचे चार प्रश्न



मागच्या महिन्यात बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला आणि एक ताई म्हणाल्या, "गटाचा फवारणी पंप चालूच होईना. मिस्त्री म्हणतो, ठेवून जा, चार दिवसांनी बघू." तुरीवर अळी पडलेली. अळी काय चार दिवस थांबते? आमच्या गटात वही लिहिणाऱ्या आहेत, बँकेत बोलणाऱ्या आहेत, पण त्या पंपाचं झाकण उघडायला एकही हात पुढे आला नाही. माझाही नाही.

त्या रात्री मला आत्या आठवली. आत्या नर्सबाई होती. वाड्या-तांड्यांवर लस द्यायला ती मोपेडवर जायची. मोपेड म्हणजे मोटरही आणि पेडलही असलेली गाडी. पेट्रोल संपलं की सायकलसारखी मारत न्यायची. आमच्या पंपावर आणि आत्याच्या गाडीवर इंजिन एकाच जातीचं, लहान, टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणारं. म्हणून आज या इंजिनाची गोष्ट सांगते.

दुसरं महायुद्ध संपल्यावर, 1946 साली, जपानमधल्या हामामात्सू गावात सोइचिरो होंडा नावाच्या कारागिराला लष्कराची पडून राहिलेली छोटी इंजिनं मिळाली. वायरलेस यंत्राला वीज पुरवण्यासाठी ती बनवलेली होती. त्याने एक इंजिन सायकलला बसवलं. पेट्रोलची टाकी नव्हती, म्हणून अंथरूण गरम करायची गरम पाण्याची बाटली टाकी म्हणून लावली. गाडी चालवून बघायला दिली बायकोला, साची होंडा यांना. त्या भर बाजारातून फिरून आल्या, तर कार्बोरेटरमधून उडालेल्या तेलाने त्यांचे कपडे डागाळले होते. असं तेल उडालं तर गिऱ्हाईक बोलणारच, असं त्यांनी नवऱ्याला सुनावलं. म्हणजे त्या गाडीतला पहिला दोष शोधला तो एका बाईने. होंडा कंपनी निघाली त्यानंतर, 1948 साली.

आपल्याकडे अशी गाडी आली 1972 मध्ये. फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीने अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, 'लूना' काढली. 50 सीसीचं इंजिन, इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या मोपेडच्या धर्तीवर. गिअर नाही, क्लच दाबायचा नाही, मधला भाग खाली, म्हणून साडी नेसूनही बसता येई. 1972 म्हटलं की आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना काय आठवतं? दुष्काळ. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होतं, आणि आपल्या आज्या-सासवा दुष्काळी कामांवर खडी फोडत होत्या. लूना त्यांच्यासाठी नव्हतीच. पुढे पगार असलेल्या बायका, शिक्षिका, नर्सबाई, तिच्यावर बसू लागल्या. चालवणं बाईच्या हातात आलं, पाना मात्र दादाच्या, नाहीतर मिस्त्रीच्या हातात राहिला.

आत्या वेगळी होती. तिच्या डिकीत लशीच्या कागदांबरोबर प्लग पाना, जुनी चिंधी आणि पॉलिश पेपरचा तुकडा असायचा. ती म्हणायची, "गाडी रुसली की चारच गोष्टी विचारायच्या. पेट्रोल मिळतंय का, ठिणगी पडतेय का, श्वास घेता येतोय का, श्वास सोडता येतोय का?" तेच चार प्रश्न आज तुम्हाला देते. क्रम चुकवू नका.

आधी काळजी. इंजिन थंड होऊ द्या. चूल, बिडी, दिवा लांब ठेवा. काम उघड्यावर करा.

पहिला प्रश्न पेट्रोलचा. टाकीत आहे का, कॉक उघडा आहे का? टाकीच्या झाकणाला बारीक छिद्र असतं. ते बुजलं की आत हवा जात नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही. गाडी सुरू होते, पाच मिनिटांत बंद पडते. झाकण सैल करून चालली, तर दोष सापडला. महिनोन्महिने पडून राहिलेलं पेट्रोल चिकट होतं आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतं. जेट काढून ताज्या पेट्रोलने धुवा, पंपाने हवा मारा. सुई घालू नका, छिद्र मोठं होतं आणि मग पेट्रोल जास्त जातं.

दुसरा प्रश्न ठिणगीचा. प्लग काढा. ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय, पुसून वाळवा. काळाकुट्ट, तेलकट असेल तर तेल जास्त पडतंय किंवा हवा कमी. पॉलिश पेपरने टोक घासा. मग पेट्रोलचा कॉक बंद करा, सांडलेलं पुसा, प्लग टोपीत बसवून त्याचं लोखंड इंजिनाला टेकवा, रबरी टोपीला धरा आणि दोरी ओढा किंवा पेडल मारा. निळी ठिणगी दिसली तर ठीक. नाही दिसली तर नवा प्लग लावून बघा. तरीही नसेल, तर ते काम मिस्त्रीचं.

तिसरा, हवेचा. एअर फिल्टरमध्ये आपल्या काळ्या मातीची धूळ भरते. काढा, झटका, स्पंज असेल तर धुऊन पूर्ण वाळवा. चौथा, धुराचा. टू-स्ट्रोकमध्ये तेल जळतं, त्याची काजळी सायलेन्सरमध्ये साठते. गाडी चालू होते पण चढ चढत नाही, पंप चालतो पण जोर लावत नाही. सायलेन्सर काढून काजळी खरवडा.

आणि तेलाचं माप अंदाजाने नको. पुस्तिकेत 1 लिटरला 40 मिली सांगितलं असेल तर मापाने 40 मिलीच. कमी पडलं तर पिस्टन जाम होतो, आणि तो खर्च मोठा. काही पंप फोर-स्ट्रोक असतात. त्यांत तेल पेट्रोलमध्ये मिसळत नाहीत, वेगळं घालतात. घेतानाच विचारून ठेवा.

आता आमच्या पंपाचं सांगते. आम्ही तो परत आणला आणि पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली. झाकणाचं छिद्र मातीने बुजलेलं होतं. काडीने मोकळं केलं आणि पंप चालला. दुसऱ्या दिवशी फवारणी झाली.

मिस्त्रीला मी नावं ठेवत नाही. पिस्टन, रिंग, कॉइल ही त्याचीच कामं. पण तिथे जाताना आपल्याला सांगता आलं पाहिजे, "दादा, पेट्रोल येतंय, ठिणगी पडत नाही." मग आपल्याला कुणी नुसतं ठेवून जा म्हणत नाही.

2024 मध्ये लूना पुन्हा आली, बॅटरीवर. तिला ना कार्बोरेटर, ना काजळी. तिचे प्रश्न वेगळे असतील, पण ते विचारायचे आपणच. आमच्या गटाने या महिन्यात एक प्लग पाना घेतलाय. खर्चाच्या वहीत त्याची नोंद आहे, आणि तो कपाटात नाही, बैठकीच्या पिशवीत असतो.