सीमा ओलांडल्यानंतरची सीमा : तमिळनाडूतील श्रीलंकन तमिळ आणि नागरिकत्वाचा प्रश्न

चेन्नई : चेन्नईच्या एग्मोर स्थानकातून थेट कोलंबोचे तिकीट काढता येई, असा एक काळ होता. १९१४ मध्ये पांबनचा रेल्वेपूल खुला झाल्यानंतर प्रवासी गाडीने धनुष्कोडीपर्यंत, तेथून बोटीने तलाईमन्नारला आणि पुढे पुन्हा रेल्वेने कोलंबोला जात. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडी उद्ध्वस्त झाले. पुढे श्रीलंकेतील यादवी युद्धामुळे ही जलवाहतूकही थांबली. पाल्कच्या सामुद्रधुनीतील ज्या मार्गाने मजूर, व्यापारी आणि यात्रेकरू ये-जा करीत, त्याच मार्गाने १९८३ नंतर निर्वासित येऊ लागले. त्यांच्यापैकी हजारो जण आजही तमिळनाडूत राहतात; पण ते भारताचे नागरिक नाहीत. राष्ट्राची सीमा खुल्या समाजात कोणते कार्य करते, या प्रश्नाचे हे एक जिवंत उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

ब्रिटिश राजवटीत तमिळ प्रदेशातील मजुरांना सिलोनच्या मळ्यांवर कामासाठी नेले जाई. रामेश्वरमजवळील मंडपम येथे त्यांना प्रवासापूर्वी विलगीकरणात ठेवले जात असे. स्वातंत्र्यानंतर सिलोनने १९४८ मध्ये केलेल्या नागरिकत्व कायद्यामुळे यांपैकी बहुसंख्य मजूर राज्यविहीन झाले. ३० ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला. त्यानुसार ५ लाख २५ हजार जणांना भारताने आणि ३ लाख जणांना सिलोनने नागरिकत्व द्यावे, असे ठरले. उरलेल्या दीड लाख लोकांची १९७४ मध्ये समसमान विभागणी झाली. परतलेल्यांपैकी काहींना निलगिरीतील सरकारी चहामळ्यांत रोजगार मिळाला. मात्र युद्धामुळे कराराची अंमलबजावणी अपुरी राहिली.

जुलै १९८३ मध्ये श्रीलंकेत तमिळविरोधी हिंसाचार उसळला. तेव्हापासून २०१२ पर्यंत तीन लाखांहून अधिक निर्वासित टप्प्याटप्प्याने भारतात आले. अनेक जण परत गेले. अलीकडील सरकारी आकडेवारीनुसार सुमारे ५८ हजार जण तमिळनाडूतील शंभराहून अधिक छावण्यांत, तर सुमारे ३४ हजार जण छावण्यांबाहेर राहतात. मजुरांची जुनी मंडपम छावणी पुढे निर्वासितांची छावणी झाली. छावण्यांमध्ये भारतीय वंशाच्या मळेकामगारांचे वंशजही आहेत.

व्यक्ती आणि नागरिक

भारताच्या राज्यघटनेतील अनुच्छेद १४ आणि २१ ‘व्यक्ती’ला संरक्षण देतात, त्यामुळे परदेशी माणसालाही कायद्यापुढे समानता आणि जीविताचा हक्क मिळतो. अनुच्छेद १९ मधील देशात कोठेही राहण्याचे स्वातंत्र्य मात्र केवळ नागरिकांचे आहे. चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्यांच्या जीविताचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर स्वाक्षरी केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही.

२००३ च्या दुरुस्तीने नागरिकत्व कायद्यात ‘बेकायदा स्थलांतरित’ ही संज्ञा आली. वैध कागदपत्रांविना आलेल्या व्यक्तीला नोंदणीने किंवा देशीयकरणाने नागरिकत्व मागता येत नाही. जीव वाचवण्यासाठी होडीतून आलेल्यांजवळ पासपोर्ट-व्हिसा असण्याची शक्यता कमीच होती. परिणामी येथील वास्तव्य कितीही वर्षांचे असले, तरी त्याचा उपयोग होत नाही. ३ डिसेंबर २००४ नंतर अशा पालकांच्या पोटी भारतात जन्मलेली मुलेही जन्माने नागरिक ठरत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातील सहा धार्मिक समुदायांना सवलत दिली. तीत श्रीलंकेचा समावेश नाही.

दोन बाजू

सीमेवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार सार्वभौम राष्ट्राचाच आहे, यावर फारसा वाद नाही. २१ मे १९९१ रोजी चेन्नईजवळील श्रीपेरुम्बुदुर येथे राजीव गांधी यांची हत्या झाल्यानंतर छावण्यांवरील देखरेख कडक झाली. सुरक्षेची ही चिंता निराधार नव्हती. मे २०२५ मध्ये एका श्रीलंकन तमिळ व्यक्तीची याचिका फेटाळताना, भारत ही धर्मशाळा नव्हे, अशी टिप्पणी सर्वोच्च न्यायालयाने केली.

दुसरीकडे, मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने २०१९ मध्ये भारतीय वंशाच्या निर्वासितांना नागरिकत्वासाठी अर्ज करण्याची मुभा दिली. राज्य सरकारने २०२१ मध्ये छावण्यांचे ‘पुनर्वसन छावण्या’ असे नामकरण करून घरबांधणीसह सुमारे ३१७ कोटी रुपयांची योजना जाहीर केली. केंद्राने २०२५ मध्ये ९ जानेवारी २०१५ पर्यंत आश्रयास आलेल्या नोंदणीकृत श्रीलंकन तमिळांना पासपोर्ट-व्हिसाविषयक दंडात्मक तरतुदींतून सूट दिली. ही सूट शिक्षेपासून आहे. तिने नागरिकत्व मिळत नाही.

खुल्या समाजाची कसोटी

‘खुला समाज’ ही संकल्पना कार्ल पॉपर यांच्या १९४५ मधील ग्रंथाने सर्वतोमुखी झाली. पॉपर स्वतः ऑस्ट्रिया सोडून न्यूझीलंडला गेलेले स्थलांतरित होते. समाजातील नियम मानवनिर्मित असतात. त्यांची चिकित्सा करता येते आणि ते सुधारता येतात, हे त्यांच्या विवेचनाचे सूत्र होते. सीमेलाही ते लागू पडते. कच्चतीवू बेट श्रीलंकेकडे गेले, त्या १९७४ च्या सागरी सीमा करारातच तेथे जाणाऱ्या भारतीय यात्रेकरूंना व्हिसाची गरज राहणार नाही, अशी तरतूद करण्यात आली. रेषा आखतानाच वाटही ठेवता येते, याचा हा पुरावा आहे.

सीमेने कोणाला अडवावे, एवढ्यापुरताच खुल्या समाजापुढील प्रश्न मर्यादित नसतो. आत आलेल्या माणसाला परत जाण्याचा सुरक्षित मार्ग मिळेल की सदस्यत्वाचा, आणि त्याचा निर्णय किती काळात होईल, याचे उत्तरही कायद्याने द्यावे लागते. ते न मिळाल्यास भौगोलिक सीमा मागे पडते, पण कागदावरची सीमा पुढच्या पिढीपर्यंत सोबत चालत राहते. तमिळनाडूच्या छावण्यांत जन्मलेल्या मुलांबाबत आज हेच घडत आहे.