गाडीच्या पुढच्या चाकाकडून खडखड आवाज येतो, तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं?

अमरावती-अकोला महामार्गावर गाडी शांत धावते. मूर्तिजापूरजवळ महामार्ग सोडून खेड्याच्या रस्त्याला लागली, की पुढच्या चाकाकडून खडखड किंवा ठक-ठक सुरू होते. आवाज फक्त खराब रस्त्यावर येतो म्हणून दोष रस्त्याचाच, असं समजून काही जण महिनोन् महिने तशीच गाडी चालवतात. काही जण गॅरेजमध्ये जाऊन थेट दोन्ही शॉकअप बदलून घेतात, पैसे जातात आणि आवाज तसाच राहतो.

या आवाजामागे एखादा स्वस्तातला लिंक रॉड असू शकतो किंवा चाक जागेवर धरून ठेवणारा बॉल जॉइंटही असू शकतो. पहिल्यात फारसा धोका नाही, दुसऱ्यात जिवाला धोका आहे. नुसतं ऐकून हा फरक कळत नाही, कारण गाडीच्या पत्र्यातून आवाज फिरतो आणि डावीकडचा ठोका उजवीकडे ऐकू येतो. आवाज नेमका कधी येतो, यावरून मात्र बरंच कळतं.

वऱ्हाडातले रस्ते आणि सस्पेन्शन

अमरावती-अकोला हा राष्ट्रीय महामार्ग 53 चा भाग. कित्येक वर्षं तो खड्ड्यांसाठीच ओळखला जायचा. 3 जून 2022 ला सकाळी 7 वाजून 27 मिनिटांनी इथे डांबरीकरण सुरू झालं आणि 7 जूनला संध्याकाळी 5 वाजता थांबलं. 105 तास 33 मिनिटांत एका लेनचा सलग 75 किलोमीटर थर टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारमधल्या दोहा इथला, सुमारे 25 किलोमीटरचा होता.

आतल्या रस्त्यांची गोष्ट वेगळी आहे. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता जागोजागी खचतो, कडा तुटतात, डांबराला लाटा येतात. पांदण रस्त्यांवर तर चाक सतत वर-खाली होत असतं. त्यात अकोल्याचा पारा उन्हाळ्यात 45 अंशांच्या पुढे जातो. उष्णतेने रबराचे बुश कडक होतात, त्यांना चिरा पडतात. जॉइंटवरचं रबरी टोपण फाटलं की पावसाळ्यात आत पाणी आणि चिखल शिरतो, ग्रीस निघून जातं आणि जॉइंट झिजून ढिला पडतो.

पुढच्या चाकाला काय काय जोडलेलं असतं?

स्विफ्ट, वॅगन-आर, टियागो, आय-10 अशा बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीचं सस्पेन्शन असतं. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने 1940 च्या दशकात ही रचना केली. तिचे मुख्य भाग असे:

- स्ट्रट: स्प्रिंग आणि शॉकअप यांची जोडी. तिचं वरचं टोक बॉनेटखाली रबरी माउंटिंगमध्ये बसवलेलं असतं.
- लोअर आर्म: चाकाला खालून धरणारा लोखंडी हात. तो गाडीकडे रबरी बुशवर आणि चाकाकडे बॉल जॉइंटवर फिरतो.
- स्टॅबिलायझर बार: वळणावर गाडी झुकू नये म्हणून दोन्ही बाजूंना जोडणारा आडवा दांडा. तो लिंक रॉडने स्ट्रटला किंवा लोअर आर्मला जोडलेला असतो.
- टाय रॉड: स्टेअरिंग फिरवल्यावर चाक वळवणारा दांडा.

आवाज कधी येतो, त्यावरून अंदाज

- हळू वेगात, बारीक खड्ड्यांवर सतत टक-टक: पहिला संशय लिंक रॉडवर. त्यानंतर स्टॅबिलायझर बारचे बुश.
- गतिरोधक किंवा मोठ्या खड्ड्यात एकच जोराचा ठोका: कमजोर शॉकअप, वरचं माउंटिंग किंवा बॉल जॉइंट.
- ब्रेक दाबताना किंवा रिव्हर्सनंतर पुढे निघताना एकदाच ठक: लोअर आर्मचा बुश. क्लच सोडताना किंवा अ‍ॅक्सिलरेटर देतानाच ठोका येत असेल, तर इंजिन माउंटिंग.
- गाडी उभी असताना स्टेअरिंग फिरवल्यावर कट-कट: वरचं माउंटिंग, त्यातलं बेअरिंग किंवा टाय रॉडचा एंड.
- पूर्ण वळण घेऊन चालताना चाकाच्या लयीत कट-कट-कट: हा सस्पेन्शनचा आवाज नाही. एक्सलचा जॉइंट तपासावा.
- खडबडीत रस्त्यावर ब्रेक हलका दाबताच बंद होणारा खडखडाट: बहुधा ब्रेक पॅड किंवा कॅलिपर ढिला.

तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

1. आधी सोप्या गोष्टी पाहाव्यात. चाकाचे नट घट्ट आहेत का, बॅटरीची पट्टी, बॉनेटचं लॉक आणि इंजिनखालचं कव्हर हलतं का. नुकतंच पंक्चर काढलं असेल, तर नट सगळ्यांत आधी.

2. गाडी सपाट जागेवर उभी करून बॉनेटचा एक कोपरा जोरात दाबून सोडावा. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोन-तीनदा डुलत राहिली तर शॉकअप कमजोर आहे. शॉकअपवर तेल उतरलेलं दिसणं हीही खूण.

3. हँडब्रेक लावून आणि मागच्या चाकांना दगड लावून पुढचं चाक जॅकने उचलावं. चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या 12 आणि 6 च्या जागी धरून हलवावं. खेळ जाणवला तर दुसऱ्याने आत बसून ब्रेक दाबावा. खेळ थांबला तर चाकाचं बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. मग 9 आणि 3 च्या जागी धरून हलवावं. खेळ फक्त याच दिशेने असेल, तर टाय रॉडचा एंड.

4. बॉल जॉइंटची खात्री मेकॅनिक टॉमी लावून करतो. लोअर आर्म खाली दाबला आणि जॉइंटमध्ये फट दिसली, तर तो गेला.

5. लिंक रॉड तपासताना दोन्ही पुढची चाकं जमिनीवर किंवा दोन्ही वर हवीत. एकच चाक उचललं की स्टॅबिलायझर बार पिळला जातो, लिंकवर ताण येतो आणि तिचा ढिलेपणा लपतो. अनेक गॅरेजमध्ये तपासणी इथेच चुकते.

नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, जॅक स्टँड लावावेत. स्प्रिंग दाबून धरणारं अवजार नसताना स्ट्रटचा वरचा नट कधीही सोडू नये. दबलेली स्प्रिंग उसळली तर गंभीर इजा होते.

किती दिवस चालवता येईल?

लिंक रॉड गेला असेल, तर आवाजाचा त्रास होतो आणि वळणावर गाडी जास्त झुकते. थोडे दिवस सांभाळून काढता येतात. शॉकअप कमजोर असेल, तर ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं आणि टायर उंच-सखल झिजतात. लोअर आर्मचा बुश फाटला असेल, तर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते. ही दोन्ही कामं लांबवू नयेत.

बॉल जॉइंट किंवा टाय रॉडच्या एंडमध्ये खेळ सापडला, तर गाडी त्याच दिवशी थांबवावी. बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं पडतं आणि टाय रॉड सुटला तर त्या चाकावरचा स्टेअरिंगचा ताबा जातो. गुळगुळीत महामार्गावर ढिला जॉइंट आवाज करतोच असं नाही. पण तिथे वेग 80 ते 100 असतो आणि तो निसटला तर सर्वांत मोठा अपघात तिथेच होतो. म्हणून लांबच्या प्रवासाआधी बॉल जॉइंट पाहून घ्यावा, मग आवाज लिंक रॉडचाच वाटत असला तरी.

काम करून घेताना

शॉकअप जोडीनेच बदलावेत. लोअर आर्म किंवा टाय रॉडचा एंड बदलल्यावर अलाइनमेंट करून घ्यावी. नव्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, तिचं वजन पडलेलं असतानाच शेवटचे आवळावेत. चाक लोंबकळत असताना आवळले, तर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. जुना भाग परत मागून हाताने हलवून पाहावा. तो ढिला नसेल, तर आवाजाचं कारण अजून गाडीतच आहे.