मानशीचे दार

समुद्राला अडविण्याचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर हॉलंड येते. ते योग्यच आहे. १ फेब्रुवारी १९५३ च्या वादळी भरतीत तिथले बांध फुटले आणि १,८०० हून अधिक माणसे बुडाली. त्यानंतर डच सरकारने नद्यांची मुखे बांधायला घेतली. पूर्व शेल्ट या खाडीचे तोंड भिंतीने कायमचे बुजवायचे ठरले होते. परंतु खाडी बुजली तर शिंपल्यांचा धंदा आणि भरती-ओहोटीवर जगणारी जीवसृष्टी संपेल, म्हणून कोळी आणि निसर्गप्रेमी विरोधाला उभे राहिले. अखेर १९८६ साली तिथे उघडझाप करणारी ६२ पोलादी दारे असलेला बांध पुरा झाला. एरवी दारे उघडी, वादळात बंद. व्हेनिसनेही तोच मार्ग धरला. १९६६ च्या महापुरानंतर सुरू झालेला विचार प्रत्यक्षात यायला अर्धे शतक लागले. तिथली तळाशी निजणारी दारे ३ ऑक्टोबर २०२० रोजी प्रथमच भरतीसमोर उभी राहिली आणि शहर कोरडे राहिले.

या कर्तृत्वाला कमी लेखण्याचे कारण नाही. पण भरतीला दार लावण्याची ही युक्ती आपल्या शेजारच्या गोमंतकात शतकानुशतके चालत आली आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आपल्या खानापूरच्या डोंगरात उगम पावणारी म्हादई खाली मांडवी होते आणि समुद्राला मिळण्याआधी खाऱ्या पाण्याच्या सखल पट्ट्यातून जाते. या पट्ट्यातील बांध घालून मिळवलेली जमीन म्हणजे खाजन. भरतीच्या रेषेखालची ही जमीन चिखल, गवत आणि चिऱ्याच्या बांधांनी राखलेली असते. बांदिवडे येथील कोकण-मौर्यांच्या ताम्रपटात, म्हणजे सुमारे सहाव्या शतकात, अशा जमिनीचा उल्लेख आहे.

या बांधाचे मर्म म्हणजे मानस. बांधात ठेवलेल्या वाटेला नदीच्या बाजूने लाकडी दार असते. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी ते ढकलून बाहेर पडते. यंत्र नाही, पहारेकरी लागला तर तो लक्ष ठेवण्यापुरता. आत पावसाळ्यात खारेपणा सोसणारे कोरगूट भात पिकते, पोयीत मासळी वाढते. बांधाबाहेरची खारफुटी लाटांचा मार आपल्या अंगावर घेते.

दार आपोआप चालत असले तरी बांध आपोआप टिकत नाही. खेकडा भोक पाडतो, पावसाने माती खचते. ही देखभाल गावकरी संस्थेकडे होती. पोर्तुगीज अधिकारी आफोन्सु मेशिया याने १५२६ साली गावकरीच्या चालीरीती लिहून काढल्या. पुढे तिलाच कोमुनिदाद म्हणू लागले. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होई. गावाला पैसा मिळे, त्यातून बांध दुरुस्त होई.

मुक्तीनंतर १९६४ चा कूळकायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीने कसणारा मालक झाला. हा न्यायच होता. गावकरीत हक्क जन्माने मिळत आणि घाम गाळणारे बरेचसे बाहेरच राहत, हे विसरून जुन्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण बांधाची सामाईक जबाबदारी कुळांच्या संघांकडे गेली आणि तिथे गाडे अडले. भातापेक्षा मासळीच्या लिलावाला भाव अधिक. मग मानस हवी तेव्हा उघडी ठेवून खारे पाणी आत घेण्याचा मोह होतो. मासळी वाढते, शेत मात्र खारटते. खनिज वाहणाऱ्या बार्जांच्या लाटांनीही कित्येक ठिकाणी बांध खिळखिळे केले. एकदा बांध फुटला की पडीक शेतात खारफुटी उगवते.

पणजीचा सखल भाग अशाच पाणथळ जमिनीवर उभा आहे. १६३० च्या दशकात बांधलेल्या पणजी-रायबंदर रस्त्याने मी अनेकदा गेलो आहे. दोन्ही बाजूंची मिठागरे आणि खारफुटी पाहिली की पुराचे पाणी मुरायला जागा कशी राखली जाते ते कळते. जगातील समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि वेग वाढतोच आहे. ओहोटीचे पाणी जितके वर राहील तितका मानशीला आतले पाणी सोडायला कमी वेळ मिळेल. तेव्हा बांध उंच करावे लागतील, कुठे पंप बसवावे लागतील. मातीच्या बांधाचा गुण असा की तो दरवर्षी थोडाथोडा चढवता येतो. मात्र दरवर्षी चढवणारे हात हवेत.

हॉलंडमध्ये पाण्याचे बांध सांभाळणारी निवडून आलेली मंडळे आहेत. त्यांची परंपरा तेराव्या शतकापर्यंत मागे जाते. त्यांना स्वतंत्र कर वसूल करण्याचा हक्क आहे. पोलादी दारांपेक्षा मला या व्यवस्थेचे मोल अधिक वाटते. खाजनाच्या प्रत्येक गावात कसणारा, मासळी धरणारा आणि पाण्याच्या पातळीखाली घर असलेला, या तिघांना एका जागी बसवून लिलावाच्या पैशातला बांधाचा वाटा आधी बाजूला काढणारी संस्था उभी राहिली, तर मानशीचे दार अजून बराच काळ आपले काम करीत राहील. ती उभी राहिली नाही, तर कितीही मोठी योजना आली तरी पहिल्या पावसाळ्यानंतर तिचा बांध कोण पाहील, हा प्रश्न तसाच उरेल.