दुहेरी निशिगंधाची वंशावळ

निशिगंध हे नाव इतके आपले वाटते की, हे फूल प्राचीन काळापासून इथलेच असावे असे कोणीही गृहीत धरील. प्रत्यक्षात ते दसरा-दिवाळीच्या झेंडूप्रमाणेच मूळचे मेक्सिकोचे. तिथल्या नाहुआत्ल भाषेत त्याला ‘हाडाचे फूल’ अशा अर्थाचे नाव होते. 16व्या शतकाच्या अखेरीस त्याचे कंद युरोपातील बागांत पोहोचले. 1753 मध्ये लिनीअसने त्याला ‘पॉलिअँथस ट्यूबरोझा’ म्हटले. ‘ट्यूबरोझा’ म्हणजे कंद असलेले. इंग्रजी ‘ट्यूबरोज’ त्यावरूनच आले. गुलाबाशी त्याचे नाते नाही. अलीकडे वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला घायपाताच्या प्रजातीत बसवले आहे.

युरोपीयांच्या जहाजांमुळे ते भारतात आले आणि येथे त्याचे नव्याने बारसे झाले. उर्दूत गुलशब्बो, बंगाली-हिंदीत रजनीगंधा, मराठीत निशिगंध. तिन्ही नावांत रात्र आहे, कारण सुगंध संध्याकाळनंतर दाटतो. आपल्याकडचे दुसरे नाव गुलछडी; ते उंच दांड्यावरून पडले.

नावांवरून प्रवासाची दिशा कळते. घरोघरच्या अंगणांत तो कसा पसरला, हे मात्र दप्तरात सापडत नाही. नागपूरची महाराजबाग भोसल्यांची, पुढे ती कृषी महाविद्यालयाकडे गेली. अशा बागांचा इतिहास कागदावर राहतो. महालातल्या वाड्यामागच्या चार वाफ्यांची नोंद कोण ठेवणार? म्हणून मी कागद सोडून कंदाकडे वळलो.

एकेरी निशिगंधाला बी धरते. दुहेरी, म्हणजे भरगच्च पाकळ्यांच्या निशिगंधाला ते सहसा धरत नाही. त्याची वाढ कंदाच्या पिल्लांवरच. फुललेला कंद पुन्हा फुलत नाही. त्याच्या कडेची पिल्ले पुढे फुलतात. म्हणजे अंगणात दुहेरी निशिगंध असेल, तर तो कोणीतरी हाताने काढून कोणालातरी दिलेला असतो.

या दुहेरी फुलाची एक हकिकत फिलिप मिलर या 18व्या शतकातील इंग्रज उद्यानतज्ज्ञाने आपल्या कोशात दिली आहे. हॉलंडमधील लायडनच्या ल कूर नावाच्या गृहस्थांनी हे फूल बियांपासून मिळवले. पुढे लावायला जागा पुरेना इतके कंद झाले, तरी त्यांनी ते कोणाला दिले नाहीत. उरलेल्यांचे तुकडे करवले. हेतू एवढाच की, युरोपात हे फूल फक्त आपल्याकडे आहे असे मिरवता यावे.

नागपूरच्या जुन्या वस्त्यांत मी ‘तुमचे कंद कुठले?’ असे विचारत फिरलो. दुकानाचे नाव क्वचितच ऐकू आले. उत्तर बहुधा नात्यात मिळाले: माहेरून आणले, जावेने दिले, शेजारच्या काकू बदली होऊन गेल्या तेव्हा ठेवून गेल्या. ल कूरने अडवलेली वस्तू इथे पदराआडून हिंडत राहिली.

हे जपणे सोपे नव्हते. आमची काळी माती पावसात पाणी धरते आणि श्रावणात कंद सडतात. त्यावर जाणत्यांनी काढलेला मार्ग असा: गादीवाफा करायचा, मातीत वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळायचे, उन्हाळ्यात सुपारीहून मोठे कंद दोन-तीन बोटे खोल लावायचे. हिवाळ्यात पाने पिवळी पडली की पाणी तोडायचे, कंद उकरून सावलीत सुकवायचे. दर दोन-तीन वर्षांनी पिल्ले वेगळी केली नाहीत तर गर्दी होते, दांडे बारीक निघतात.

वाडे पडून तिथे फ्लॅट उभे राहत आहेत. सीताबर्डीच्या फूलबाजारात निशिगंध हवा तेवढा मिळतो, त्यामुळे फूल नाहीसे होण्याची भीती नाही. मात्र अंगण मोडताना वाफा उकरून बाहेर टाकला की त्या घरापर्यंत आलेली देण्याघेण्याची साखळी तिथेच तुटते, आणि तिचा दुसरा पुरावा कुठेही नसतो.

दिवाळीनंतर कंद काढण्याचे दिवस येतील. कुंडीतही तो जगतो. पाण्याचा निचरा आणि भरपूर ऊन एवढेच हवे. वाचकांना विनंती अशी की, पिल्ले कोणाला देताना ती आपल्याकडे कोणाकडून, कोणत्या गावाहून आणि साधारण कधी आली, हे एका चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावे.