सव्वाशे गुंठ्यांची शेती

मॉडेल रेल्वेच्या छंदातली सगळ्यात सोपी गोष्ट कुठली, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, रेल्वे. इंजिन खोक्यात येतं, डबे खोक्यात येतात, रूळ एकमेकांत अडकवायचे, वायर जोडायची, की झाली गाडी सुरू. पैसे जातात, पण डोकं चालवावं लागत नाही. खरी गंमत (आणि खरा वैताग) सुरू होतो तो रुळाच्या बाजूला दोन इंच सरकलात की. तिथे शेत असतं. आणि शेत खोक्यात मिळत नाही.

म्हणजे मिळतं तसं, पण जर्मनीतलं. फालर नावाची कंपनी १९४६ पासून ब्लॅक फॉरेस्टमधल्या एका गावात अशी छोटी घरं आणि धान्याची कोठारं बनवते. लाकडी चौकटीचं घर, तांबडं कौलारू छप्पर, काळ्या-पांढऱ्या धष्टपुष्ट गाई, पिवळाधमक गहू. सुंदर असतं, प्रश्नच नाही. फक्त माझी गाडी कणकवलीहून कुडाळला चालली होती!

आता हा किडा मला चावला कधी? पुण्यात कर्वे रोडवर भाऊ जोशी यांनी घडवलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेलं. तिथे चालते सिग्नल आणि अख्खं शहर बघून मी काचेला नाक लावून उभा राहिलो होतो. पण त्याआधीही छोटं शेत मी केलंच होतं. तुम्हीही केलं असेल. दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरून उगवलेलं ते हिरवंगार शेत आठवतंय? त्यात मातीचा शेतकरी, मातीची बैलजोडी, आणि शेतकऱ्याच्या दुप्पट उंचीची गवळण. स्केल नावाचा प्रकार आपल्याला तेव्हा माहीत नव्हता आणि त्यावाचून काही अडतही नव्हतं.

आता अडतं. माझा बोर्ड म्हणजे सहा बाय तीन फुटांचं प्लायवूड. स्केल एचओ, म्हणजे १:८७. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. ८७ ने भागलं की होतो साडेअकरा सेंटिमीटरचा चौकोन. हिशोब केला तर माझ्या बोर्डावर सव्वाशे गुंठे बसतात, म्हणजे जेमतेम तीन एकर. उभा माणूस १९ मिलिमीटर, नुकती लावलेली भाताची रोपं दोन-अडीच मिलिमीटर. अठरा डब्यांची गाडी मात्र साडेचार मीटर होते, ती बोर्डावर मावतच नाही. तेव्हा माझी गाडी पाच डब्यांची. भारतीय ब्रॉडगेज या स्केलला १९ मिलिमीटरच्या वर हवा आणि बाजारातला रूळ साडेसोळाचा. डोळे मिटायचे. छंदात एवढं चालतं.

कामाला लागलो. गावाहून आणलेली जांभ्याची लाल माती चहाच्या गाळण्यातून गाळली. फोमचे तुकडे कोरून चिऱ्यांचा गडगा केला. सुतळीचे तंतू हिरव्या रंगात बुडवून, चिमट्याने एकेक रोवून तरवा लावला. कुणग्यातलं पाणी म्हणजे रेझिनचा पातळ थर. बाजारात मिळालेले शेतकरी सगळे ताठ उभे, हातात गवताचा काटा. भातलावणीत ताठ उभं कोण राहतं? प्रत्येकाला कमरेत कापून वाकवला आणि पुन्हा चिकटवला. दोन वीकेंड त्यातच गेले. मग हौसेने मांगराशेजारी गवताची मस्त उडवी रचली, फोटो काढला आणि मामाला पाठवला. मामा म्हणजे कुडाळजवळचा, शेत त्याचंच.

पाच मिनिटांत फोन. "रे, लावणी चलली हा आणि उडवी भायर? पावसात कुजान जातली मरे!"

टेस्टिंगमध्ये असा बग सापडला की पोटात कसा गोळा येतो ते आयटीवाल्यांना सांगायला नको. उडवी मळणीनंतरची, दिवाळीनंतरची. लावणी जुलैची. मी दोन ऋतू एकाच फ्रेममध्ये कोंबले होते. उडवी काढली. पण मग दुसरा प्रश्न वळवळायला लागला. महिना चुकला होता तो मामाने पकडला. साल चुकलं असेल तर?

युरोपातले मॉडेलवाले याबाबतीत भलतेच कडक असतात. त्यांनी रेल्वेच्या इतिहासाचे 'एपॉक' पाडलेत, पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक देऊन. तिसऱ्या एपॉकच्या इंजिनामागे पाचव्या एपॉकचे डबे जोडलेत तर पापच. पण शेताचा एपॉक? शेत म्हणजे सनातन, हजार वर्षांपासून होतं तसंच, असं आपण धरून चालतो. विशेषतः आपण शहरातले. खिडकीतून दिसलेलं हिरवं म्हणजे हिरवं.

तसं नसतं. आमच्या त्या तीन एकरांची व्हर्जन हिस्टरी मी मामाकडून फोनवर आणि थोडी पुस्तकांतून जमवली. ती सांगतो.

सुरुवात मेरांपासून. १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, म्हणजे कसणारी कुळं कायद्याने जमिनीची मालक झाली तो दिवस. (तेव्हा हा सगळा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ ला.) जमीन नावावर आली की ती पुढच्या पिढीत वाटलीही जाते. आधी एक असलेल्या कुणग्याचे दोन झाले, मग चार. म्हणजे माझ्या बोर्डावर किती मेरा दाखवायच्या हा प्रश्न खरं तर सात-बाराचा आहे.

मग वरचा उतार. भाताचा मळा खाली आणि वर वरकस, तिथे नाचणी आणि वरी. १९९० पासून राज्य सरकारने रोजगार हमीला जोडून फळबागांसाठी अनुदान दिलं आणि कोकणातल्या असल्या उतारांवर आंबा-काजूची कलमं चढली. तेव्हा बोर्डाच्या कडेला काजूचं झाड लावलंत, तर तुम्ही बहुधा १९९० नंतरच्या कोकणात आहात. नाचणी लावलीत तर बहुधा आधीच्या.

मग माणसांच्या अंगावरचं. इरलं, घोंगडी, की प्लास्टिकची खोळ? मी इरली करणार होतो, दिसायला छान म्हणून. मामा म्हणाला, रेल्वे आली तेव्हा आमच्याकडे सगळ्या बायका प्लास्टिकच पांघरायच्या. निळ्या पिशवीचे तुकडे कापले.

आणि रेल्वे. बॅ. नाथ पैंनी तिच्यासाठी आवाज उठवला, मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना काम पुढे सरकलं, पुढे जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं आणि ई. श्रीधरन यांच्या हाताखाली रोहा ते ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग झाला. ९१ बोगदे, लहानमोठे दोन हजारांच्या आसपास पूल. २६ जानेवारी १९९८ ला संपूर्ण मार्ग सुरू झाला. हे आकडे आपण शाळेपासून ऐकतो. कमी ऐकला जाणारा आकडा म्हणजे त्यासाठी चाळीस हजारांहून जास्त जमीनमालकांची जमीन घेतली गेली. खाड्या टाळण्यासाठी मार्ग किनाऱ्यापासून आत गेला, म्हणून मालवणला स्टेशन नाही आणि कुडाळला आहे. आत म्हणजे कुठे? डोंगर आला की कटिंग, आणि दोन डोंगरांमध्ये सखल भाग आला की भराव. सखल भागात काय असतं? भाताचे मळे. व्हाळाचं पाणी आणि गुरं जायला भरावाखाली मोऱ्या ठेवलेल्या असतात. माझ्या बोर्डावर ती मोरी आहे, आत अर्धी वाकलेली एक म्हैसही आहे.

कटिंगलाही साल असतं. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरड रुळावर आली आणि सुट्टीची विशेष गाडी तिच्यावर आदळली. पन्नासच्या वर माणसं गेली. त्यानंतर कटिंगवर जाळ्या बसल्या, उतार सौम्य केले गेले. माझ्या कटिंगवर जाळी नाही. म्हणजे माझा बोर्ड २००३ च्या आधीचा. हे लक्षात आलं तेव्हा हातातला ब्रश क्षणभर थांबला, खोटं कशाला सांगू.

शेवटी बैल. कोकणातला बैल लहान चणीचा, आता 'कोकण कपिला' म्हणून त्या जातीची अधिकृत नोंद झाली आहे. युरोपातला बैल घेऊन त्याचे पाय तासले तेव्हा तो जरा जुळला. मामाने शेवटचं जोत विकलं २००९ मध्ये. मग पॉवर टिलर. त्यानंतर काही वर्षांनी निम्मे कुणगे पडच राहिले, कारण लावणीला माणूस मिळेना आणि तांदूळ विकत स्वस्त पडायला लागला. डिझेल इंजिनंही गेली. २०२२ मध्ये विद्युतीकरण पुरं झालं आणि कुणग्यांवरून तारा गेल्या.

आता बेरीज करा. डिझेलची गाडी रेल्वे आल्यानंतर आणि २०२२ च्या आधी. बैलांचं जोत २००९ च्या आत. 'कोकण रेल्वे' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येतं, पाऊस, गुडघाभर चिखलात जोत, पाठीमागून जाणारी गाडी, ते आमच्या शेतात फार तर अकरा-बारा वर्षं टिकलं! ज्याला आपण सनातन समजत होतो ते माझ्या पहिल्या नोकरीपेक्षा थोडंच जास्त चाललं. त्याआधी शेत होतं पण गाडी नव्हती, आणि आता गाडी आहे पण शेत नाही.

सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी फळं-भाज्या पिढ्यान् पिढ्या घडवल्या जातात. तिथून आणलेला लाकडी आंबा बोर्डावर ठेवून बघितला, मांगराएवढा दिसला. हसू आलं, पण नंतर वाटलं, हेच तर झालं आहे. फळ मोठं झालं, जपलं गेलं. फळ विकता येतं, भेट देता येतं. चिखलाचा कुणगा कोण विकत घेणार? म्हणून त्याचं मॉडेल नाही, आणि फोटोही जवळपास नाहीत. आमच्या घरात लग्नाचे तीन अल्बम आहेत, लावणीचा एक फोटो नाही.

तर साल ठरलं. जुलै २००२, दुपारी तीनच्या सुमारास.

गेल्या महिन्यात मामा पुण्याला आला होता. चष्मा वर करून बराच वेळ बघत बसला. गाडीकडे बघितलंच नाही, मी दोनदा फिरवली तरी. मग एका मेरेवर बोट ठेवलं.

"ही मेर हयसर नाय. चार पावला खाली व्हयी. वाटप झाला तेव्हा मीच घातलंय."

चार पावलं म्हणजे तीन मीटर. ८७ ने भागले, साडेतीन सेंटिमीटर. तो झोपायला गेल्यावर कटर घेतला आणि मेर सरकवली.

तुमच्यापैकी कुणाचं गाव कणकवली-कुडाळकडे असेल, किंवा कुठेही असेल, तर पुढच्या वेळी गेलात की शेतात कुणाला तरी घेऊन जा आणि विचारा, ही मेर कधी घातली? साल सांगू शकणारी माणसं आहेत तोवरच.